तेरा तास अंधार

एका शेगडीवर दूध, दुसरीवर पोह्यांची फोडणी, आणि विनताचा एक कान पुढच्या खोलीकडे. तिथे बाबाराव पेपर वाचत होते. म्हणजे पेपर डोळ्यांपुढे धरून चहाची वाट बघत होते. मे महिना संपत आलेला. सकाळच्या पावणेआठलाच जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या त्या गल्लीत भिंती तापायला लागल्या होत्या. कूलरच्या टाकीत पाणी घालायचं राहिलंय हे विनताला आठवलं, ती बादली उचलणार तोच दार वाजलं.

बेल असताना दारावर टकटक करणारं माणूस म्हणजे एक तर लाइट गेलेली, नाहीतर माणूस जुन्या वळणाचं. लाइट तर होती.

बाबारावांनी दार उघडलं. सुती साडी, खांद्याला झोळी, चष्म्याला दोरी, अशा एक बाई उभ्या होत्या.

"लोकरस साहेब इथेच राहतात ना? जांभळ्या दिव्यांवाले?"

"मीच, मीच. या ना मॅडम," बाबाराव म्हणाले आणि बनियनवर शर्ट चढवायला धावले.

विभावरी मॅडम मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची स्वयंपाकाची बाई लोकरसांच्या समोरच्या घरीही काम करायची. तिनेच सांगितलं होतं, "दीदी, उनके घर में भरी गर्मी में गुलदाउदी फूली थी." गुलदाउदी म्हणजे आपली शेवंती. ती थंडीत फुलते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एप्रिलमध्ये फुलली म्हणताच मॅडमना राहवलं नव्हतं.

बाबारावांनी त्यांना मागच्या कोठीत नेलं. कोठी म्हणजे पूर्वी धान्य ठेवायची बिनखिडकीची खोली. आता तिथे दोन फळ्यांवर शेवंतीच्या तीस कुंड्या होत्या आणि वर अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर लाल-निळे दिवे जळत होते. लाल आणि निळा मिळून सगळीकडे जांभळा उजेड. त्या उजेडात बाबारावांचा पांढरा शर्टसुद्धा वांग्यासारखा दिसत होता.

"छत्तीस वर्षं फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन होतो, मॅडम. हे घ्या, हा ड्रायव्हर, दिव्यांना करंट देतो. ही मागची पट्टी गरमी ओढून घेते. हा एकेक बारका दिवा म्हणजे चिप, तीन वॉटची. फुल पॉवर!"

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण फूल कसं आणलंत? शेवंतीला दिवस लहान लागतो. तुम्ही तर उजेड वाढवलात."

"अहो, पॉवर मॅडम, पॉवर! लाइट भरपूर दिला की झाड खूश."

विनता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती एरवी बोलली नसती. पण चुकीचं उत्तर तिथे अधांतरी लटकलेलं तिला बघवेना.

"उजेडानं नाही आलं ते," ती म्हणाली. "अंधारानं आलं. संध्याकाळी सहाला दिवा बंद, सकाळी सातला चालू. सलग तेरा तास अंधार मिळाला की झाडाला वाटतं, थंडी आली. मग ते कळी धरतं. मधे पाच-दहा मिनिटं जरी उजेड पडला तरी रात्र तुटते."

मॅडम वळल्या. चष्मा दोरीवर सोडून त्यांनी विनताकडे नीट पाहिलं.

"हे दिवे कोणी बांधले?"

बाबाराव हसून म्हणाले, "घरचंच काम हो. ही पाणी-बिणी बघते."

विनताने ट्रे पुढे केला.  तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर सोल्डरिंगच्या इस्त्रीने भाजल्याचे दोन डाग होते आणि मॅडमची नजर तिथेच होती.

आता ही पाणी-बिणी बघणारी बाई कोण, ते सांगायला हवं. विनता लोकरस, वय एकसष्ट. जबलपुरातच बी.एस्सी. झाली, वनस्पतिशास्त्र घेऊन, पहिल्या वर्गात. एम.एस्सी.चा फॉर्म भरला आणि त्याच महिन्यात लग्न ठरलं. सासरे म्हणाले, "एक वर्ष घर समजून घ्या, मग शिका." ते वर्ष पुढे सदतीस वर्षं चाललं. सासू-सासऱ्यांची दुखणी, लेकीची, मोनालीची शाळा, बाबारावांच्या पाळ्या, आल्या-गेल्याचं चहापाणी. पदवीचा कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून कोठीतल्या ट्रंकेत पडला होता. स्वतःचं म्हणून विनताकडे राहिली ती मागच्या अंगणातली शेवंती. पिवळी, पांढरी आणि एक तांबूस, जी तिने माहेरून रुमालात बांधून आणली होती.

तीन वर्षांपूर्वी मागच्या प्लॉटवर चार मजली इमारत उभी राहिली. बारा फुटांवर भिंत. अंगणात ऊन यायचं ते उरलं दुपारी वीस मिनिटांपुरतं, तेही तिरपं. शेवंती काडीसारखी उंच वाढून लोळायला लागली. बाबाराव म्हणाले, "प्लास्टिकची आण ना. पाणीही नको."

विनताने प्लास्टिकची आणली नाही. ती मोबाइलवर बघून, जुनी पुस्तकं काढून, घमापुरात रिपेअरिंगच्या दुकानात जाऊन बसली. दुकानदाराने विचारलं, "दीदी, शादी की लाइट वाली झालर बनानी है क्या?"

"नहीं भैया, पौधों के लिए. गहरा लाल चाहिए, ये झालर वाला लाल नहीं."

"पौधों के लिए?" तो हसला. "अच्छा, अब पौधे भी डिस्को करेंगे!" पण त्याने दिल्लीहून मागवून दिल्या चिपा. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून उरलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणल्या. सोल्डरिंगची इस्त्री बाबारावांच्या पेटीतली.

"सोल्डरिंग म्हणजे कुरडया घालणं नाही," बाबाराव खुर्चीतून म्हणाले.

ते खरंच निघालं. पहिल्या पट्टीत तेरा चिपा, त्यातली एक उलटी बसली. एक उलटी बसली की सगळी माळ गप्प. विनता तीन दुपारी शोधत बसली तेव्हा कुठे ती सापडली. मग दिवा लागला तर फारच मंद दिसला. तिने तो झाडाच्या चार बोटं वर आणला. आठवड्यात पानं पांढुरकी झाली. तेव्हा तिला उमगलं की हा उजेड आपल्या डोळ्याला मंद वाटतो, पानाला नाही. आपल्याला दिसतं तेवढंच असतं असं थोडंच आहे! तिने दिवा दीड वीत वर नेला, वहीत तारीख घालून लिहून ठेवलं. अशा दोन वह्या भरल्या. बाबारावांनी त्या सगळ्या खटाटोपात एक काम केलं होतं. तीन पिनांचा प्लग लावून दिला होता. पण गल्लीत कोणी विचारलं की उत्तर तेच द्यायचे, आणि ते उत्तर "आम्ही केलं" अशा बहुवचनात सुरू होऊन दोन वाक्यांत "मी"वर यायचं.

विभावरी मॅडमनी चहा घेतला, पोहे घेतले, वह्या मागून घेतल्या आणि तासभर वाचत बसल्या. मग म्हणाल्या, "सप्टेंबरात कॉलेजात मुलींसाठी दोन दिवसांचं शिबिर घ्यायचंय. दिवा कसा बांधायचा, रोपाला दिवस-रात्र कशी द्यायची. पंचवीस मुली. शिकवायला मला तुम्ही हव्यात, विनताताई."

"मी?" विनताच्या तोंडून निघालं.

"ही?" बाबारावांच्याही.

"प्रिन्सिपल बाई पुराव्याशिवाय ऐकायच्या नाहीत. महालक्ष्म्या येतात त्याच्या आदल्या दिवशी मी येते. भाद्रपदात फुललेली शेवंती दाखवा. फोटो काढून त्यांच्या टेबलावर ठेवते. खाली नाव मी लिहीन. सौ. विनता लोकरस, बी.एस्सी." जाता जाता दारात थांबून त्या म्हणाल्या, "यंदाच जमवा हं. दिवाळीनंतर मी पुण्याला लेकीकडे जातेय, कायमची."

त्या गेल्यावर विनताने कोठीतली ट्रंक उघडली आणि पत्र्याची नळी काढली. कागदाची एक कड कसरीने खाल्ली होती. नाव शाबूत होतं.

हिशोब सरळ होता. सलग तेरा तासांच्या रात्री मिळायला लागल्या की आठ आठवड्यांनी फूल. महालक्ष्म्या ऑगस्टच्या अखेरीला, म्हणजे रात्री जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू करायच्या. मोनालीने नागपूरहून टायमर पाठवला होता, पण लाइट गेली की तो मागे पडायचा आणि इथे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. विनताने स्वतःच्या हातावर भरवसा ठेवला. सहाला बंद, सातला चालू. कोठीच्या दाराला फट होती, म्हणून तिने जुन्या चादरीच्या आत काळं छत्रीचं कापड शिवून जाड पडदा केला. बाहेरचा किरणही आत जाऊ नये. आणि स्वतःवर नियम घातला, सहानंतर पडदा उचलायचा नाही. कितीही वाटलं तरी नाही.

जुलैच्या सहा तारखेला शहपुऱ्याहून सरोजिनीबाई आल्या. बाबारावांची मोठी बहीण, विनताच्या वन्सं. वय चौऱ्याहत्तर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दोन महिने इथेच राहायचं होतं. त्यांची सोय कोठीला लागून असलेल्या मागच्या खोलीत केली. पहिल्याच संध्याकाळी सहाला विनता आली, कोठीतलं बटण बंद केलं, पडदा सोडला.

"काय करून राहिली गं?" वन्संनी पलंगावरून विचारलं.

"दिवा बंद केला, वन्सं."

"दिवेलागणीला? लोक ह्या वेळेला दिवा लावतात, तू काहून बंद करते? लक्ष्मी दारातून परत जायची अशानं."

"देवापुढे लावणार आहे ना आत्ता समई. हा झाडांचा आहे. झाडांनाही रात्र लागते."

"रात्र देव देतो. तू कोण देणारी?"

विनता हसली. मग पलंगाच्या कडेला बसून तिने सगळं समजावून सांगितलं. तेरा तास, कळी, आठ आठवडे, मॅडम, शिबिर. वन्संनी ऐकून घेतलं, "बरं बाप्पा" म्हणाल्या आणि माळ ओढायला लागल्या. विनताला वाटलं, पटलं. इतकी वर्षं संसार करूनही तिला एवढं कळलं नाही की त्या घरातली माणसं पटलं नाही तेव्हाच गप्प बसतात.

जुलै गेला. रोपं अशी भरली की बघत राहावं. पानं हिरवीगार, रुंद, खोड बोटाएवढं. पण कळी नाही. चार आठवड्यांनी शेंड्यावर मोहरीएवढा तरी गोळा दिसायला हवा. शेंडा रोज नवीन पान काढायचा, बस्स.

विनता वही उघडून बसायची. एप्रिलच्या वेळी काय केलं, आता काय वेगळं आहे? गरमी जास्त? खत जास्त? तिने खत बंद केलं. कोठीत पंखा लावला. पडद्याच्या खाली फट राहते का, म्हणून तिथे जुनी साडी गुंडाळून ठेवली. पडद्याला कापडाचा आणखी एक पदर लावला. भर दुपारी आत उभी राहून, दिवा घालवून, पडदा ओढून बघितलं. स्वतःचा हात दिसत नव्हता. मग उजेड येतो तरी कुठून?

"युरिया टाक ना दोन मुठी," बाबाराव म्हणाले.

"युरियानं पान येतं हो, फूल नाही. आणि ह्याला रात्र—"

"झालं, आली तुझी रात्र!" ते वन्संकडे बघून हसले. "ताई, हिच्या झाडांना रात्र लागते, अन् हिला दिवसभर झाडं लागतात."

मॅडमचा फोन यायचा. "कळ्या केवढ्या झाल्या?"

"येताहेत," विनता म्हणायची. आयुष्यात इतकं खोटं ती कधी बोलली नव्हती.

श्रावणातल्या मंगळवारी मराठी मंडळात मंगळागौर होती. विनता जायला तयार नव्हती. वन्संनीच आग्रह केला, "जा गं, मन रमेल. स्वयंपाक करून ठेव, आम्ही वाढून घेऊ." नऊला येते सांगून ती गेली. पण तिथे लाइट गेली, बायका मेणबत्त्या शोधू लागल्या, आणि विनता प्रसादाची पुडी घेऊन साडेसातलाच घरी आली. बाबाराव पुढे टीव्ही बघत होते. ती तशीच प्रसाद द्यायला मागच्या खोलीत गेली.

पलंग रिकामा. काठी नाही. आणि कोठीच्या पडद्याची खालची कड एका बाजूने उचललेली, तिच्या गुंडाळलेल्या साडीवर जांभळ्या उजेडाची पट्टी सांडलेली.

तिने पडदा सारला. वन्सं स्टुलावर बसल्या होत्या. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ हलत होते. वर तिचे सगळे दिवे जळत होते. खाली तीस कुंड्या त्या उजेडात तरतरीत उभ्या होत्या.

"वन्सं."

त्यांनी डोळे उघडले. दचकल्या नाहीत. "आलीस? बस. तूही हात जोड."

"हे... आज लावलात तुम्ही?"

"आजच काहून? रोज लावते. तू स्वयंपाकात असते तेव्हा लावते, साडेनऊला शांत करते. तुला त्रास नाही, कुणाला नाही."

"कधीपासून?"

"आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

सदतीस रात्री. विनताने मनात मोजायच्या आधीच आकडा समोर येऊन उभा राहिला. प्रत्येक रात्र सुरू झाल्या झाल्या तोडलेली. आणि तो जाड पडदा, तो दुसरा पदर, ती खाली गुंडाळलेली साडी. बाहेरचा उजेड आत जाऊ नये म्हणून तिने जे जे केलं, त्यानेच आतला उजेड बाहेर येऊ दिला नव्हता. तिच्याच हातांनी.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, वन्सं." 

"सांगितलं होतं. ऐकलंही होतं." वन्सं काठीवर हात टेकून उठल्या. "आता माझं ऐक. सतरा वर्षं झाली, आमचे गेले ना, त्या दिवशी मी शेजारी गप्पा मारत बसले होते. दिवेलागण झाली, भान नाही. दिवा लावायचा राहिला. घरी आले तर हे खुर्चीत तसेच. डॉक्टर म्हणाले, हार्ट. म्हणू देत. मला माहीत आहे काय झालं ते. अन् ह्या घरात रोज बरोब्बर त्याच वेळेला बाई हातानं दिवा घालवते, हे मी बघत बसू? तुझा नवरा माझा भाऊ आहे, विनता. मी त्याच्यासाठी लावला. तुझ्या कुंकवासाठी लावला."

 सतरा वर्षं उराशी धरलेलं पाप कुणी असं उघडून समोर ठेवल्यावर त्याला शेवंतीचा हिशोब सांगायचा? विनताने पुडी स्टुलावर ठेवली. रागाला धरायला जागाच मिळेना.

आवाज ऐकून बाबाराव आले. "काय झालं?"

"दिवा," विनता म्हणाली. "वन्सं रोज दिवा लावतात."

"हो, मग? लावू दे ना. म्हातारं माणूस, तिला समाधान."

विनता वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे... पाणी प्यायला येतो तेव्हा ताई पडदा सारून आत जाताना दिसायची. मी म्हटलं, आपणहून करून राहिली तर करू दे. उजेड दोन-तीन तास जास्त मिळाला तर झाडाचं चांगलंच होईल की. बिघडतं काय त्यात?"

हे ते अगदी सहज म्हणाले. त्यांना खरंच कळलेलं नव्हतं. तीन वर्षं सकाळच्या चहाला, रात्रीच्या जेवणाला, भाजी निवडताना ती सांगत आली होती. मॅडमसमोर त्यांच्या पुढ्यात उभं राहून सांगितलं होतं. कळ्या का येत नाहीत म्हणून पंधरा दिवस ती वही घेऊन बसली, तेव्हा हे समोरच्या खुर्चीत होते आणि संध्याकाळी कोठीत दिवा लागतो हे यांना माहीत होतं. दोन गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी पडून होत्या. एकमेकींना भेटल्या नाहीत, कारण तिचं बोलणं आत गेलंच नव्हतं.

वन्संनी तिचं ऐकून मानलं नव्हतं. यांनी ऐकलंच नव्हतं. यांतलं दुसरं जास्त लागतं, हे विनताला त्या जांभळ्या उजेडात उभ्या उभ्या समजलं. तिने हात वर करून बटण बंद केलं.

त्या दिवसापासून वन्संनी कोठीतला दिवा लावला नाही, तोंडाने मात्र रोज संध्याकाळी काहीतरी पुटपुटायच्या. महालक्ष्म्यांना अठरा दिवस उरले होते. लागणार होते छप्पन. विनताने तरीही एक रात्र चुकवली नाही. परीक्षेत पहिलाच पेपर बुडाला तरी माणूस उरलेले पेपर देऊन येतं, तसं.

ठरल्या दिवशी, ठरल्याप्रमाणे टकटक झाली. विभावरी मॅडम मोबाइल पुसूनच आल्या होत्या, फोटोसाठी. कोठीत आल्या. तीस कुंड्या हिरव्यागार. फूल नाही, कळी नाही.

"यंदा गरमी फार, मॅडम," बाबाराव पुढे सरसावले. "बाकी सिस्टिम ओके आहे. एकदा चेक करा वाटल्यास."

मॅडमनी त्यांच्याकडे बघून सावकाश विचारलं, "अंधार किती तास देता?"

"अंधार कशाला? उलट लाइट पुरा देतो. रात्री साडेनऊपर्यंत देऊन राहिलो होतो मधे महिनाभर. कसर नाही सोडली!"

 मॅडमनी झोळीतून छोटं भिंग काढलं, एका शेंड्यावर धरलं, मग दुसऱ्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "हिला रात्र मिळालीय. पण पंधरा-वीस दिवसांचीच. शेंडा आत्ता कुठे कळीसाठी चपटा व्हायला लागलाय. त्याच्या आधी काय झालं, विनताताई?"

पलीकडच्या खोलीत माळ ओढण्याचा आवाज थांबला.

"रात्र तुटली, मॅडम," विनता म्हणाली.

"कशी?"

"घरात तुटली."

 मॅडमनी भिंग मिटून झोळीत ठेवलं. मग म्हणाल्या, "मी भांडून बघितलं असतं. पण त्या तारखांना दुसरं कोणी तयारच होतं. प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, आज फोटो नाही मिळाला तर मेंदीचं शिबिर लावून टाकते. मुलींनाही आवडतं म्हणे." चहाला त्या थांबल्या नाहीत. दारात त्यांनी विनताचा हात हातात घेतला, तर्जनीवरचे डाग अंगठ्याने चाचपले, आणि गेल्या. पुण्याचा पत्ता देईन म्हणाल्या होत्या, तो राहिला.

"चांगल्या आहेत बाई," बाबाराव दार लावत म्हणाले. "पण टेक्निकल समजत नाही त्यांना."

दुपारी ते बाजारातून महालक्ष्म्यांच्या वेण्यांसाठी शेवंती घेऊन आले. कुठून तरी दुरून पेटीतून आलेली, पाकळ्यांच्या कडा तांबूस पडलेली. विनताने ती पाण्यात घातली. वन्सं जवळ येऊन बसल्या, एकेक फूल निवडून देऊ लागल्या. थोड्या वेळाने खालच्या मानेनेच म्हणाल्या, "मिळतात गं बाजारात. एवढा जीव काहून जाळते?" बोलण्यात माया होती. म्हणूनच ते विनताला गिळायला जड गेलं.

संध्याकाळी घड्याळात सहा वाजले. विनता उठली, देवापुढे समई लावली, मग कोठीत जाऊन बटण बंद केलं आणि पडदा सोडला. वळली तर दारात बाबाराव, मागे काठी टेकून वन्सं.

"अजूनही?" बाबाराव म्हणाले. "त्या मॅडम तर गेल्या. आता कुणाला दाखवायचंय?"

 विनताने पडद्याखालची साडी नीट गुंडाळून बसवली.

"अगं, अशी घुम्यासारखी काहून राहते सणासुदीची? झालं ते झालं. चल, काय पाहिजे ते सांग. साडी घेऊ? मोनालीकडे जायचंय चार दिवस? ताईसमोर सांग, नाही म्हणणार नाही."

विनता उभी राहिली. पदराला हात पुसले. मॅडमच्या शिबिराबद्दल, वह्यांबद्दल, तीन पिनांच्या प्लगबद्दल, त्या "आम्ही केलं"बद्दल, ट्रंकेतल्या नळीबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ते सगळं बाजूला ठेवलं.

"साडी नको," ती म्हणाली. "संध्याकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत ह्या खोलीत अंधार राहू द्या. दिवा कोणी लावू नका. मला एवढंच पाहिजे."